जांबचे सूर्याजीपंत : एका नांवाची चिकित्सा

श्रीसमर्थ रामदासस्वामींच्या चरित्राची छाननी करणाऱ्या विद्वानांनीं त्यांचा तीर्थाटनाचा क्रम, शिवछत्रपतींच्या भेटीचा काळ, ग्रंथांची पूर्वापरता यांवर पानेंच्या पानें लिहिलीं आहेत. त्यांच्या वडिलांच्या नांवाकडे मात्र कोणी चिकित्सक दृष्टीनें पाहिल्याचें आम्हांस आठवत नाहीं. नांव साधें दिसतें, म्हणून तें सोडून दिलें गेलें असावें. आमच्या मतें त्या नांवांत, आणि विशेषतः त्याच्या जोडीच्या दुसऱ्या नांवांत, ठोसर घराण्याच्या उपासनेचा जो पुरावा आहे तो बखरींतील कथेपेक्षां अधिक भरंवशाचा आहे.

जांब हें गांव आज जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत, गोदेच्या उत्तरेस आहे. जालना जिल्हा १९८१ सालीं अस्तित्वांत आला. जुन्या लेखांत जांब औरंगाबाद जिल्ह्यांत म्हणून येतें तें त्यामुळें. तेथील ठोसर घराणें ऋग्वेदी, जमदग्निगोत्री. सूर्याजीपंत व राणूबाई या दांपत्यास दोन पुत्र झाले. वडील गंगाधर, जे पुढें ‘श्रेष्ठ’ अथवा रामीरामदास या नांवानें ओळखले गेले. धाकटे नारायण, म्हणजेच समर्थ. नारायणाचा जन्म शके १५३० (इ. स. १६०८) च्या चैत्र शुद्ध नवमीस मध्यान्हीं झाला. सांप्रदायिक चरित्रकार सांगतात कीं, सूर्याजीपंतांनीं अनेक वर्षें सूर्याची उग्र उपासना केली, सूर्यनारायण प्रसन्न झाले व त्यांच्या वरानें हे दोन पुत्र लाभले. आधुनिक लेखकांपैकीं श्रद्धाळूंनीं ही कथा जशीच्या तशी उतरून घेतली, आणि चिकित्सक म्हणविणाऱ्यांनीं ती दंतकथा म्हणून एका ओळींत निकालांत काढली. दोघांनींहि विचार केला नाहीं तो असा, कीं नांव बारशाच्या दिवशीं ठेवितात आणि उपासना कळत्या वयांत होते. तेव्हां ‘सूर्याचे भक्त म्हणून सूर्याजी’ ही जी संगति वाचकाच्या मनांत आपोआप जुळते ती टिकत नाहीं. उरतात दोनच पक्ष. एक तर सूर्याची भक्ति घराण्यांत आधींपासून होती व पाळण्यांतील मुलास तें नांव त्या भक्तीनें दिलें. किंवा नांव सहज ठेविलें गेलें आणि पुढें त्या नांवानेंच वराची कथा प्रसविली.

दुसरा पक्ष हलका नव्हे. नांवांतून कथा निघणें आपल्या वाङ्मयांत नवें नाहीं. शिवाय ही विशिष्ट कथा फार जुनी आहे. बाणभट्टाचें हर्षचरित ज्यांनीं वाचलें आहे त्यांस स्थाण्वीश्वराचा राजा प्रभाकरवर्धन आठवेल. त्याचें नांव सूर्याचें, तो सूर्यभक्त, रोज तांबडीं कमळें वाहून अपत्यासाठीं आदित्यहृदयाचा जप करणारा. आणि राणी यशोवतीच्या स्वप्नांत सूर्यबिंबांतून दोन तेजस्वी कुमार व एक कन्या बाहेर येतात. सूर्याच्या नांवाचा पिता, त्याची उपासना, सूर्यापासून दोन पुत्र, हा सारा सांचा इ. स. च्या सातव्या शतकांत तयार आहे. जांबची कथा त्याच सांच्यांतली आहे असा संशय घेणारास आम्ही दोष देणार नाहीं. मात्र त्यानें एक गोष्ट विसरूं नये. बांसखेडा व मधुबन येथील हर्षाच्या ताम्रपटांत प्रभाकरवर्धन व त्याचे वडीलधारे यांस ‘परमादित्यभक्त’ म्हटलें आहे. म्हणजे बाणाची कथा अलंकारिक असली तरी तिच्या खालचें उपासनेचें सत्य स्वतंत्र साधनानें सिद्ध होतें. जांबला ताम्रपट नाहीं. तेव्हां त्याच्या जागीं उभें राहील असें कांहीं सांपडतें काय, हाच खरा प्रश्न आहे.

प्रथम नांवाचें रूप पाहूं. ‘सूर्य’ ह्या शब्दाची सिद्धि पाणिनीनें (३.१.११४) निपातनानें दिली आहे, सरकणारा आणि प्रेरणा देणारा असे दोन्ही अर्थ वैयाकरण सांगतात. मराठींत शिवा, रामा, कृष्णा अशीं हाकेचीं रूपें होतात आणि त्यांस आदरार्थी ‘जी’ लागून शिवाजी, रामाजी, कृष्णाजी बनतात. सूर्याजी त्याच वळणाचें आहे. (या ‘जी’चें मूळ ‘जीव’ कीं ‘आर्य’ हा वाद येथें काढण्याचें प्रयोजन नाहीं.) पण मौज पुढें आहे. ऋग्वेद्यांच्या आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणें मुलाच्या नांवाचा आरंभ घोष वर्णानें व्हावा, मध्यें अंतस्थ वर्ण असावा, अक्षरें सम असावींत. प्रतिष्ठा इच्छिणारानें दोन अक्षरी व ब्रह्मवर्चस इच्छिणारानें चार अक्षरी नांव ठेवावें. नारायण हें नांव या कसोटीस अक्षरशः उतरतें. गंगाधर चार अक्षरी व घोषादि असून तेंहि बव्हंशीं उतरतें. ‘सूर्य’ मात्र आरंभींच अडतो, कारण सकार अघोष आहे. सतराव्या शतकांत सर्व ब्राह्मण घरीं सूत्र पाहून नांवें ठेवीत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या घरांत पुत्रांचीं नांवें इतकीं नेमकीं बसतात त्या घरांत पित्याचें नांव नियम मोडून ठेविलें गेलें असेल, तर तेथें नियमाहून बलवत्तर असें कांहीं कारण होतें असें मानण्यास जागा आहे.

दुसरें गमक शेजारचें. गोदेच्या वरच्या अंगास पैठणांत एकनाथांचें घराणें पाहा. पणजोबा भानुदास, आजोबा चक्रपाणि, वडील सूर्यनारायण. चार पिढ्यांत दोन नांवें सूर्याचीं, त्यांतलें एक सूर्य व विष्णु यांस एकत्र करणारें. भानुदासांविषयींहि लहानपणीं जुन्या देवालयांत दडून सूर्याची आराधना केल्याची कथा आहे, ती महिपतीनें भक्तविजयांत (शके १६८४) गाइली आहे. एकाच नदीच्या कांठीं, वैष्णव म्हणून गाजलेल्या दोन घराण्यांच्या मुळाशीं सूर्य आढळावा हा योगायोग म्हणतां येत नाहीं. समर्थांचें नांवहि याच दृष्टीनें वाचलें पाहिजे. रामनवमीस जन्मलेल्या मुलाचें नांव राम न ठेवितां नारायण कां ठेविलें? संध्येच्या वेळीं म्हटल्या जाणाऱ्या प्रसिद्ध ध्यानश्लोकांत नारायणाचें आसन सूर्यमंडलाच्या मध्यभागीं आहे. मध्यान्हीं जन्मलेल्या सूर्याजीपुत्रास याहून उचित नांव कोणतें? गंगाधर हें थोरल्याचें नांव मात्र या मालिकेंत ओढूनताणूनच बसेल. तें आम्ही बसवीत नाहीं.

इतकें सारें मान्य केलें तरी संशयी वाचक म्हणेल कीं, या अनुमानांस आधार पुरुषांच्या नांवांचा, आणि तीं नांवें चरित्रकारांच्या डोळ्यांपुढें होतींच. म्हणूनच आम्ही राणूबाईंकडे वळतों. सांब-आख्यानांत व भविष्यपुराणांत सूर्याच्या दोन पत्न्या सांगितल्या आहेत, राज्ञी आणि निक्षुभा. ‘राज्ञी’चें प्राकृत ‘रण्णी’, त्याची मराठी ‘राणी’. गंगेची गंगू, राधेची राधू तशी राणीची राणू. गुजराथेंत सूर्यपत्नी रन्नादे अथवा रांदल म्हणून पूजिली जाते. निमाडांत गणगौरीच्या गाण्यांत ती रनुबाई आहे. खानदेशांत श्रावणांत, नागपंचमीनंतरच्या रविवारीं कानबाई बसते, तिच्याबरोबर रानबाईचें नांव आहेच. आणि आपल्या घरोघरच्या बायका श्रावणांतल्या रविवारीं जी कहाणी सांगतात ती कोणाची? आदित्यराणूबाईची. विड्याच्या पानावर रक्तचंदनानें हीच जोडी काढितात. म्हणजे सूर्य व राणू हें दैवी दांपत्य महाराष्ट्राच्या देव्हाऱ्यांत आहे, आणि जांबच्या ठोसरांच्या घरांतहि सूर्याजी व राणू हेंच दांपत्य नांदत होतें!

आपल्याकडे लग्नांत वधूचें नांव बदलण्याची चाल आहे. ताम्हनांतल्या तांदळांवर नवें नांव लिहितात, आणि तें वराकडील मंडळी वराच्या नांवास जुळेल असें योजितात. राणूबाई हें नांव माहेरचें नसून असें सासरीं दिलेलें असेल, तर सूर्याजीपंतांच्या वडीलधाऱ्यांस सूर्यपत्नी ठाऊक होती व आपला मुलगा सूर्याच्या नांवाचा आहे हें त्यांच्या ध्यानांत होतें, असा अर्थ निघतो. ‘राणू’ नुसतें लाडकें नांव असूं शकेल हें खरें. एकटें सांपडतें तर आम्हीहि तसेंच म्हटलें असतें. चरित्रकारांनीं हें नांव कथेसाठीं रचलें असेल, ही शंका तर अगदींच फोल आहे. ज्यानें नांव रचलें तो त्याचा उपयोग केल्यावांचून राहत नाहीं. सूर्याच्या वराचें वर्णन करण्यांत ही मंडळी दमत नाहींत. पण राणूबाई म्हणजे सूर्याची राज्ञी हा अर्थ त्यांपैकीं कोणी उकलून दाखविलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. ज्या गोष्टीचें महत्त्व सांगणारास कळलें नाहीं, ती त्यानें बनविलेली नसते. म्हणून वराची कथा सांच्यांतली ठरली तरी घराण्यांतील सूर्योपासना खरी, आणि ती सूर्याजीपंतांच्या आधींची, असें आम्ही समजतों.

आतां या नांवाच्या प्रचाराविषयीं थोडें. शिवकाळांत तें मराठ्यांच्या घरीं प्रतिष्ठित होतें. १६७० सालीं सिंहगडावर तानाजी पडल्यानंतर मोड सांवरणारा त्याचा भाऊ सूर्याजी मालुसरे. साल्हेरच्या लढाईंत १६७२ सालीं पडलेला सूर्यराव काकडे. शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे. आज मात्र हें नांव औषधालाहि मिळत नाहीं. शाळेच्या हजेरीपटांत आम्हीं तीस-पस्तीस वर्षें नांवें पुकारलीं. भानुदास व सूर्यभान यांची गणति नाहीं, सूर्याजी एकहि भेटला नाहीं. याचें खापर सर्वसाधारणपणें वाईच्या सूर्याजी पिसाळावर फोडण्यांत येतें. १६८९ सालीं रायगड मोंगलांस मिळाला त्यांत त्यानें फितुरी केली अशी समजूत असून त्याचें नांव फितुरीस पर्यायशब्दच झालें आहे. आरोपाच्या पुराव्याविषयीं संशोधकांत एकमत नाहीं, पण भाषेनें निकाल देऊन टाकिला. ब्राह्मणांत हें कारण आम्हांस मुख्य वाटत नाहीं, कारण तेथें रामाजी, कृष्णाजी हींहि नांवें मावळलीं. सूर्याची जागा भास्कर, दिनकर, प्रभाकर यांनीं घेतली. मराठ्यांत मात्र कलंकाचा परिणाम उघड दिसतो. शिवाजी, संभाजी, तानाजी हीं नांवें तेथें आजहि जोमानें चालतात. गड राखणाऱ्या धाकट्या मालुसऱ्याचें नांव तेवढें मुलांस कोणी ठेवीत नाहीं.

पैठण, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानाच्या नांवाबरोबर पत्नीचें व मातेचें नांवहि लिहिलेलें असतें. वंशावळींत स्त्रियांस सहसा स्थान नसल्यामुळें या प्रश्नापुरतें तरी ह्या वह्यांचें मोल बखरींहून अधिक आहे. गोदातीरच्या घराण्यांत सूर्याजी, भानजी, सूर्यनारायण अशा पुरुषांच्या पत्नीचें नांव राणू किंवा रानू असल्याची नोंद ज्यांच्या संग्रहांत असेल त्यांनीं ती गांव, उपनांव व शक यांसह मंडळाकडे पाठवावी. १६०८ च्या पूर्वींची एक जरी अशी नोंद मिळाली, तरी ती आम्ही पुढील अंकीं मूळ अक्षरवटिकेसह छापण्याची व्यवस्था करूं.