औंधचे स्वराज्य आणि वच्चकुटीवत्त

साम्यवादी समाजात घाण कोण काढणार, हा प्रश्न बहुधा थट्टेने विचारला जातो. आम्हांस तो थट्टेचा वाटत नाही. तरुण मार्क्सने भावी समाजातील माणसाचा दिनक्रम रेखाटला, त्यात शिकार आहे, मासेमारी आहे, गुरे राखणे आहे, जेवणानंतर समीक्षाही आहे. शौचकूप मात्र नाही.

औंध संस्थान साम्यवादी नव्हते. तरीही १९३९ च्या राज्यघटनेने तेथे भवानराव पंतप्रतिनिधींनी, गांधीजींच्या सल्ल्याने, सत्ता ग्रामपंचायतींकडे सोपविली. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसली आणि शिक्षा झालेली माणसे तेथे तुरुंगाच्या भिंतींवाचून शेती करू लागली. धाकावाचून माणूस राबत नाही, हा समज या प्रयोगाने खोटा ठरविला. प्रयोगाचे गुणगान करणारे मात्र येथेच थांबतात, ही आमची तक्रार आहे. शेती कष्टाची आहे, हीन मानलेली नाही. मेलेले ढोर ओढणे नांगर धरण्याहून अवघड नाही; पण ते कोणी ओढावयाचे, हे गावगाड्यात जन्माने ठरलेले होते. बाबासाहेबांनी १९३६ साली जातीला श्रमिकांची विभागणी म्हटले, ते याच अर्थाने.

मोबदला वाढविला की प्रश्न सुटेल, असे म्हणणाऱ्यांनी नागपूरचे १५ ऑक्टोबर १९५६ चे भाषण पुन्हा वाचावे. ढोरे ओढणे सोडल्याने महारांचे पाचशे रुपयांचे नुकसान होते, असा हिशेब मांडणाऱ्यास बाबासाहेबांनी उत्तर दिले होते की, हे काम तुम्ही करा, पाचशे रुपये वर मी देतो. कोणीही पुढे आला नाही.

चुल्लवग्गातील वत्तक्खन्धकात या प्रश्नाचा विचार अगदी व्यवहाराच्या पातळीवर आहे. ब्राह्मण कुळातील एक भिक्खू शौचानंतर धुवावयास तयार नव्हता. असल्या दुर्गंधीला हात कोण लावणार, असे त्यास वाटे. त्या प्रसंगावरून नियम झाला. पुढे थेर आधी जात व नवे भिक्खू तिष्ठत मूर्च्छित पडत, तेव्हा भगवंतांनी वच्चकुटीत ज्येष्ठता रद्द करून येण्याचा क्रम लावला. जागा अस्वच्छ दिसेल त्याने झाडावी, घटात पाणी नसेल तर भरून ठेवावे. येथे काम जन्माला चिकटत नाही, वापरणाऱ्याला चिकटते.

अर्थात संघाचीही बाजू सर्वस्वी निर्दोष नाही. महावग्गात बिंबिसाराने पिलिंदवच्छास पाचशे आरामिक दिल्याची कथा आहे, आणि त्या सेवकांच्या मनाविषयी ग्रंथ मौन पाळतो. औंधचे कौतुक करणाऱ्यांना आम्ही जो प्रश्न विचारतो, तो या आरामिकांविषयीही विचारणे आम्हांस भाग आहे. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा दुसरा कायदा २०१३ साली झाला. त्यानंतरही गटारात उतरून माणसे मेली आहेत.