कृंतकजन्य रोगांच्या शोधनाची परिभाषा : एक चिकित्सा

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे निदान केले. तो भाग बंदराला लागून असलेल्या वखारींचा व दाटीवाटीच्या चाळींचा होता. पुढे शतक संपण्याच्या सुमारास शहराच्या घाऊक व्यापाराचा मोठा हिस्सा खाडी ओलांडून नवी मुंबईत, वाशी-तुर्भ्याच्या बाजार आवारात आला. वखारींची जागा बदलली, पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाड्यांच्या पिढ्या बदलल्या. परंतु उंदरांपासून होणाऱ्या रोगांविषयी मराठीत जे लिहिले व बोलले जाते, त्यामागील कल्पना मात्र अद्याप मांडवीतच वस्ती करून आहे.

ही कल्पना एका शब्दप्रयोगात साठविलेली आहे : ‘उंदीर पडणे’. घरात उंदीर मरून पडू लागले की बिऱ्हाड उचलून माळावर झोपड्या घालून राहावयाचे, हे प्लेगाच्या काळातील खेड्यांना कोणी शिकवावे लागले नाही. शास्त्राने या लोकज्ञानाला पुढे पुष्टीच दिली. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच संशोधकाने कराचीत उंदरावरील पिसवेचा संबंध दाखविला. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे पुढे हाफकिन संस्था म्हणून प्रसिद्ध झालेल्या वास्तूत, प्लेग आयोगाच्या संशोधकांनी मुंबईतील उंदीर प्रचंड संख्येने तपासले. प्रथम गटारातील तपकिरी उंदीर, मग घरातील काळा उंदीर, आणि त्यानंतर माणूस असा साथीचा क्रम त्यांना आढळला. या टप्प्यांमध्ये साधारणतः दहा-पंधरा दिवसांचे अंतर असे. मेलेला उंदीर ही आगाऊ आलेली सूचनाच होय. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावातूनही उंदीर पडल्याच्या व पिसवा वाढल्याच्या वार्ता आल्या, तेव्हा शासकीय यंत्रणा हलली ती याच जुन्या खुणेने. प्लेगापुरती ही खूण खरी आहे, आणि तिच्या खरेपणातूनच पुढील गोंधळ उद्भवला आहे.

कारण प्लेगाचा कारक हा जीवाणू आहे आणि तो उंदरालाही मारतो. हंटा विषाणूंची रीत निराळी. कोरियात हो वांग ली यांनी रानउंदरांत या गटातील मूळ विषाणू शोधून १९७८ मध्ये तो प्रसिद्ध केला. तेव्हापासून आढळलेली गोष्ट अशी की, ज्या उंदराच्या जातीत हा विषाणू मुरलेला असतो, ती जात त्याने आजारी पडत नाही. असा उंदीर धडधाकट राहतो, वितो, आणि दीर्घकाळ मूत्र, विष्ठा व लाळ यांवाटे विषाणू बाहेर टाकतो. सुकलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे माणसाच्या फुफ्फुसात जाते. येथे पिसू नाही, उंदीर पडणेही नाही. साक्षीदार आहे, पण तो मुका आहे. ‘उंदीर पडले नाहीत, म्हणजे रोग नाही’ हे अनुमान प्लेगाबाबत व्यवहारात उपयोगी पडले असेल. विषाणूबाबत ते निखालस फसवे ठरते.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला सापडते. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली आणि क्यासनूर जंगलातील विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने हुडकून काढला; २०१६ मध्ये तोच ताप सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. या रोगातही रानातील लहान कृंतक आणि चिचुंद्र्या विषाणूला व त्याच्या गोचिडांना आसरा देतात. परंतु लोकांनी नाव दिले ते ‘माकडताप’, कारण मरून डोळ्यांसमोर पडते ते माकड. जो मरतो त्याचे नाव रोगाला मिळते. जो रोग सांभाळतो तो नामानिराळा राहतो.

आता शब्दांकडे वळणे अवश्य आहे. सार्वजनिक आरोग्याची मराठी पत्रके ‘उंदीर-घुशींचा नायनाट’ अशी जोडी वापरतात. पंडिती लेखनात तिची जागा ‘कृंतक’ हा शब्द घेतो. पहिली जोडी अपुरी आहे आणि दुसरा शब्द नेमका असूनही एका ठिकाणी दगा देतो. चिचुंद्री कृंतक नव्हे. ती कुरतडणारी नसून कीटकभक्षक आहे, आणि मराठी घरात तिला दुर्गंधीखेरीज दुसरी कीर्ती नाही. परंतु १९६४ मध्ये वेल्लोरच्या तोट्टपाळयम भागात जो विषाणू अलग करण्यात आला, तो याच चिचुंद्रीतून. शोध चालला होता मेंदूज्वराच्या विषाणूंचा. हाती आले ते निराळेच, आणि ते हंटा कुलातील आहे हे कोरियातील शोधानंतरच उलगडले. म्हणजे या कुलातील एक विषाणू भारतात आधीच कुपीत बंद होऊन पडला होता. त्याला नाव ठेवण्याजोगे ज्ञान मात्र मागाहून आले. या विषाणूने माणसास गंभीर आजार होतो असे सिद्ध झालेले नाही. तथापि, सापळ्यात सापडलेली चिचुंद्री ‘उंदीर’ म्हणून नोंदविणारी वही शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, एवढे तरी यातून निश्चित होते. हंटा विषाणू बहुधा ज्याच्या त्याच्या प्राण्याला चिकटून असतो. प्राण्याची जात चुकली की शोधाचा धागाच तुटतो. गमतीची गोष्ट अशी की, कोणत्याही कोकणी आजीला हा भेद वासावरून कळतो. भाषेजवळ शब्द होता. तो नोंदवहीत उतरला नाही.

दुसरा गोंधळ रुग्णालयाच्या बाजूचा आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसने अनेकांचा बळी घेतला, आणि ‘लेप्टो’ हा शब्द पावसाळ्यातील प्रत्येक कठीण तापाला लागू लागला. लेप्टोचा कारक जीवाणू आहे, त्याला प्रतिजैविके लागू पडतात; हंटाला ती लागू पडत नाहीत. आशियातील हंटाज्वरात मात्र ताप, रक्तकणिकांची घट व मूत्रपिंडाचा बिघाड हीच लक्षणे दिसतात. अशा रोग्याची लेप्टोची चाचणी नकारात्मक आली तर निदानाचा कागद पुष्कळदा तेथेच मिटतो. तो मिटू नये. मूत्रपिंड थकून रुग्ण खाटेवर येईपर्यंत विषाणू रक्तातून ओसरलेला असू शकतो, म्हणून केवळ जनुकीय चाचणीवर भिस्त ठेवणे धोक्याचे. त्या वेळी प्रतिपिंडे बहुधा हजर असतात. पण या कुलातील विषाणूंची प्रतिपिंडे एकमेकांशी जुळतात, त्यामुळे ‘हंटा आहे’ हे समजले तरी ‘कोणता’ हे सांगण्यास पुढील कसोटी लागतेच. या गुंतागुंतीकडे पाठ फिरवून एकाच चाचणीवर दिलेला होकार किंवा नकार हा अभिप्राय होय, निदान नव्हे.

तमिळनाडूत उंदीर पकडण्यात वाकबगार असलेल्या इरुळ जमातीतील लोकांच्या आणि धान्याच्या गोदामांत काम करणाऱ्यांच्या रक्तात हंटाशी जुळणारी प्रतिपिंडे आढळली आहेत. तुर्भ्याच्या दाणाबाजाराला हा दाखला परका वाटण्याचे कारण नाही. १९६९ च्या कायद्याने माथाडी कामगाराला मजुरीचे व भविष्यनिधीचे संरक्षण दिले. त्याच्या नाकातोंडात जाणाऱ्या धुळीचा विचार मात्र आजही रोग म्हणून कमी आणि त्रास म्हणून अधिक होतो. रिकाम्या गाळ्यात कोरडी केरसुणी फिरवू नये, आधी जंतुनाशकाचे पाणी शिंपडून मग ओला केर भरावा, ही सूचना साधी आहे. परंतु ‘मारलेल्या उंदरांची संख्या’ हे एकच परिमाण ज्या अहवालात असते, त्यात केरसुणीला रकाना नसतो. मारलेल्या उंदराची जागा बाहेरचा उंदीर घेतो आणि आकडा पुढील वर्षीही तितकाच भरघोस येतो.

परळच्या संशोधकांकडे जनुकीय चाचणी नव्हती, प्रतिपिंडांची आजची कसोटीही नव्हती. परंतु त्यांच्या मेजावर आलेल्या उंदराबरोबर तो कोठे सापडला याची चिठ्ठी असे, त्याची जात लिहिली जाई, आणि मगच त्याचे पोट फाडले जाई. तुर्भ्यातील एखाद्या गाळ्यात पहाटे सापळ्यात सापडणाऱ्या प्राण्याला प्रथम हवी आहे ती अशीच एक चिठ्ठी : गाळा कोणता, तारीख कोणती, आणि तो उंदीर, घूस की चिचुंद्री.