बारगीर आणि बर्गी : एकाच स्वारीची दोन मोजमापं

मंडळी, आज तलावाचा गाळ नाही, त्यातलं शिसं-आर्सेनिक नाही. थिसिसचा तिसरा चॅप्टर अडकलाय, म्हणून गेले दोन महिने रात्री इतिहासाची पुस्तकं वाचत होतो. त्यांच्याबद्दल बोलायचंय. तरी शेवटी गाडी मोजमापावरच येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात लॅबमध्येच झाली. आमच्याकडे एक बंगाली सहकारी आहे. भंडारा कुठे, असं त्यानं विचारलं. मी नागपूरच्या पूर्वेला, वैनगंगेकाठी वगैरे सांगितलं आणि थोड्या ऐटीत जोडलं, "नागपूरकर भोसल्यांचा मुलूख!" तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे तू बर्गी!" त्यांच्याकडे पोरं झोपवताना आया जे अंगाईगीत म्हणतात, त्यात बर्गी येतात. आपल्याकडे बागुलबुवा येतो तसे. हा बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. म्हणजे पगारी शिपायाच्या हुद्द्याचं तिकडे बागुलबुवात रूपांतर झालं, आणि इकडे मला पदवी होईपर्यंत त्याचा पत्ताच नव्हता.

घटना थोडक्यात. 1742 पासून रघूजी भोसल्यांच्या फौजा, आधी भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली, बंगालवर चालून गेल्या. रतनपूर-छत्तीसगडची बाजू भोसल्यांच्या टाचेखाली त्याच सुमारास आली. वाट नेमकी हीच धरू नका, पण दिशा हीच : भंडाऱ्यावरून जाणारा जुना सहा नंबरचा हायवे आजही रायपूर, संबलपूर करत कोलकात्याला पोचतो. इंग्रजांनी तेव्हा कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच मराठा खंदक. 31 मार्च 1744 रोजी नवाब अलिवर्दीखानानं बोलणीसाठी बोलावून मानकरा इथे भास्कररामांना सरदारांसकट मारलं. स्वाऱ्या तरी चालूच राहिल्या. 1751 च्या तहात वर्षाला 12 लाख रुपये चौथाई ठरली आणि ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात गेला.

आता पुस्तकं. गो. स. सरदेसायांची 'मराठी रियासत' मी शाळेपासून ऐकून होतो, वाचली आत्ता. कागदपत्रांवरची पकड बघून माणूस थक्क होतो. पण बंगालचं प्रकरण तिथे मुख्यतः आपल्या घरातल्या भांडणाच्या अंगानं येतं. रघूजी आणि नानासाहेब पेशवे यांच्यात चौथाई कोणाची, 1743 मध्ये शाहूंनी वाटणी कशी करून दिली, मानकऱ्यात दगा कसा झाला. सगळं खरं, सगळं महत्त्वाचं. फक्त ज्या गावांतून ही चौथाई निघायची, ती गावं दिसत नाहीत. बंगाल हा तिथे एक रकाना आहे, जमेच्या बाजूचा.

मग गंगारामाचं 'महाराष्ट्र पुराण' हातात घेतलं. हे बंगाली काव्य, हस्तलिखित 1751 सालचं, म्हणजे स्वाऱ्यांच्या अगदी लगतचं. डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांचं इंग्रजी भाषांतर 1965 चं आहे. यात गाव सोडून पळणारी माणसं दिसतात, आणि कोण काय उचलून पळालं ते दिसतं : पंडित पोथ्या घेऊन, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. मी इथे पुस्तक मिटवून ठेवलं. आमच्या मोहाडी-पवनीच्या कोष्ट्यांनी काय उचललं असतं? माग तर उचलून नेता येत नाही.

तरी हे काव्य म्हणजे निव्वळ साक्ष, असंही समजू नका. गंगारामाच्या गोष्टीत पृथ्वीला पापाचा भार झाल्यामुळे शंकरच नंदीला शाहूकडे पाठवतो. म्हणजे मराठे आधी दैवी शिक्षा म्हणून येतात. पुढे ते ब्राह्मण, वैष्णव, बायका कोणालाच सोडत नाहीत, तेव्हा देवी त्यांच्यावर उलटते. निरीक्षण आहेच, पण कवीनं ते आपल्या साच्यात ओतलेलं आहे. आम्ही उपकरण वापरायच्या आधी ब्लँक लावतो, म्हणजे नमुना न घालता काय आकडा येतो ते बघतो. तो आकडा मग खऱ्या आकड्यातून वजा होतो. गंगारामातून पुराणाचा साचा असा वजा केला तरी तराजू, जाळी, पोथ्या उरतातच. साच्याला त्यांची गरज नव्हती.

उलट्या बाजूची चूक आजच्या खपाच्या पुस्तकांत होते. विल्यम डालरिंपलच्या 'द अनार्की'त आणि इंटरनेटवर तर शेकडो ठिकाणी एक आकडा फिरतो : 4 लाख मृत. मूळ काय, तर तिथल्या डच कंपनीच्या अधिकाऱ्याचा अंदाज. बंगालची पहिली शिरगणती 1872 ची, म्हणजे सव्वाशे वर्षांनंतरची. कंपनीवाल्यांचं लक्ष मालावर. विणकर पळाले, कापड मिळेना, ही त्यांची खरी ओरड. तो अंदाज खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण आगेमागे किती, हे न सांगता दिलेला आकडा माझे गाईड तरी वहीत राहू देणार नाहीत. काही मराठी वाचक लगेच टाळी देतील, "बघा, फुगवलंय!" थांबा बाप्पा. आकडा डळमळीत आहे म्हणून घटना डळमळीत होत नाही. आणि एरर बार लावायचा तर 12 लाखांच्या चौथाईलाही लावा. ठरली किती, वसूल किती, आणि ती वसूल करताना काय झालं?

या सगळ्यात मला सर्वांत विश्वासाचे वाटले ते जदुनाथ सरकार. 'फॉल ऑफ द मुघल एम्पायर'च्या पहिल्या खंडात (1932) ते गंगाराम वापरतात, फारसी साधनं वापरतात, आणि मराठ्यांबद्दल कडक लिहितात. गंमत म्हणजे हेच जदुनाथ सरदेसायांचे जन्मभराचे मित्र. पेशवे दप्तराच्या कामात दोघं खांद्याला खांदा लावून होते. मैत्री राखायला कोणी कोणाचं प्रकरण पातळ केलेलं नाही. सरकारांचंही सगळं पटत नाही. बंगाली गृहस्थाचा रागही त्यात आहे. पण तो राग कुठे सुरू होतो हे वाचताना कळतं, आणि मला तेवढं पुरतं.

आपली बाजू मात्र अजून अर्धीच लिहिलेली आहे. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघूजी वारले, डलहौसीनं राज्य खालसा केलं, आणि राजवाड्यातले दागिने लिलावासाठी नेले, तेही कलकत्त्यालाच. ही लूट आपण अजून हळहळून सांगतो, आणि सांगावीच. आमच्याकडे आजोबा-पणजोबांच्या तोंडून ती ऐकलेली माणसं आहेत. त्याआधी शंभर वर्षं त्याच दिशेनं गेलेल्या घोड्यांबद्दल मात्र, निदान माझ्या घरात, कोणी कधी काही बोललं नाही.

'महाराष्ट्र पुराण' मराठीत यायला हवं. बंगाली येणारं कोणी वाचत असेल तर खाली कळवा. माझा सहकारी मूळ मोठ्यानं वाचून दाखवायला तयार आहे, अर्थ लावायला आपल्यातलं कोणी लागेल. शुक्रवारी संध्याकाळी लॅब रिकामी असते.