बार्तीमयाला विचारलेला प्रश्न

अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या एखाद्या चर्चमधून दहा-बारा जणांचा गट दोन आठवड्यांसाठी युगांडाला, केनियाला, मलावीला जातो. स्थानिक पाळकाच्या ओळखीने अपंग मुलांच्या घरी भेटी देतो, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, मक्याचं पीठ, साबण, कधी एखादी व्हीलचेअर देतो आणि परततो. मग या भेटींचा वृत्तांत लिहिला जातो. कधी देणगीदारांना पत्र म्हणून, कधी रविवारी मंडळीसमोर द्यायची साक्ष म्हणून. हे लेखन वाङ्मय म्हणून कुणी वाचत नाही, आणि वाचावं अशी लिहिणाऱ्यांची अपेक्षाही नसते. पण या लेखनाचे संकेत इतके पक्के आहेत की त्याला वाङ्मयप्रकार म्हणायला हरकत नाही. हे संकेत कुणाला बोलू देतात आणि कुणाला गप्प बसवतात, हे पाहणं मात्र समीक्षेचं काम आहे.

सुरुवात बहुधा रस्त्याने होते: तांबडी माती, खड्डे, गाडीमागे धावणारी पोरं. मग झोपडीचं दार आणि आतला अंधार. चटईवर मूल पडलेलं असतं. त्याच्या आजाराचं नाव क्वचितच येतं. येतं ते त्याचं हसू. शेजारी आई. तिला नवऱ्याने टाकलेलं असतं, गावाने शाप लागल्याचं म्हटलेलं असतं. यातलं काही खोटं असेलच असं नाही. अनेक कुटुंबांचा अनुभव तसाच आहे. शेवटी लिहिणारा सांगतो, की आपण द्यायला गेलो होतो आणि घेऊन आलो. आईच्या तोंडी सबंध वृत्तांतात एखाद-दुसरं वाक्य येतं, तेही आभाराचं आणि दुभाष्यामार्फत आलेलं.

या वृत्तांतांना त्यांच्याच धर्मग्रंथाचं माप लावून पाहावं. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी बसलेला आहे. तो ओरडतो, लोक त्याला दटावतात. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्या माणसाला काय हवं असणार, हे तिथल्या गर्दीला ठाऊक असल्यासारखंच होतं. तरीही प्रश्न विचारला जातो, उत्तर त्याच्या तोंडून येतं आणि मगच पुढचं घडतं. शिवाय या भिकाऱ्याला नाव आहे, बापाचं नावही आहे. मिशन-वृत्तांताने या कथेतून दृष्टी मिळण्याचा चमत्कार उचलला. त्याआधीचा प्रश्न मागेच राहिला.

प्रश्न गाळण्याचं कारण लिहिणाऱ्यांचा दुष्टपणा नव्हे. ते वृत्तांताच्या घाटातच आहे. दोन आठवड्यांच्या प्रवासाला दोन आठवड्यांत संपणारी गोष्ट लागते, आणि अपंगत्वाची गोष्ट तशी संपत नाही. व्हीलचेअरचंच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली, साधनं तुटपुंजी असलेल्या ठिकाणी हाताने चालवायच्या व्हीलचेअर कशा पुरवाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात आठ पायऱ्या आहेत. मुलाला तपासणं, मापं घेणं, योग्य खुर्ची निवडणं, ती अंगाला बेतणं, वापरणाऱ्याला आणि घरच्यांना शिकवणं, पुढे दुरुस्ती आणि पाठपुरावा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला मोठ्या माणसाच्या मापाच्या खुर्चीत बसवलं, तर ते एका अंगाला कलंडत राहतं, पाठ वाकडी होत जाते, दाबाच्या जखमा होतात. वृत्तांत मात्र मूल खुर्चीत बसलं की फोटो काढून संपतो. कथेचा शेवट जिथे होतो, तिथे आईचं काम सुरू होतं.

या वाङ्मयाची टिंगल पुष्कळ झाली आहे. केनियाचे लेखक बिन्यावांगा वाइनाइना यांनी 2005 साली ‘ग्रँटा’त आफ्रिकेवर कसं लिहावं याचा उपरोधिक धडाच दिला. टेजू कोल यांनी 2012 साली ‘द अटलांटिक’मध्ये गोऱ्या तारणहाराच्या मनोवृत्तीवर हल्ला चढवला. ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग स्वतः व्हीलचेअर वापरत. अपंगांना इतरांच्या प्रेरणेचा कच्चा माल करण्यावर त्यांनी 2014 सालच्या भाषणात बोट ठेवलं. हे सगळं आवश्यक होतं. पण पहिल्या दोघांच्या लेखनात एक उणीव राहते. त्यांचाही नायक पाहुणाच आहे, फक्त आता तो हास्यास्पद आहे. त्याला घरी बसायला सांगितल्यावर चटईवरच्या मुलाचं काय, हा प्रश्न उपरोधाच्या कक्षेत येत नाही. तोही वाचकाला शहाणं झाल्याचं समाधान देऊन संपतो. आईला तिथेही कुणी काही विचारलेलं नसतं.

विचारल्यावर काय होतं, याचं उदाहरण मिशनच्याच परंपरेत आहे. पूर्व युगांडातल्या म्बाले गावी ‘क्युअर’ या ख्रिस्ती संस्थेने मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रियांचं रुग्णालय काढलं. बेंजामिन वॉर्फ हे अमेरिकन शल्यविशारद 2000 साली कुटुंबासह तिकडे गेले आणि काही वर्षं राहिले. मेंदूत पाणी साठून डोकं फुगलेली बाळं त्यांच्याकडे येत. रूढ उपचार म्हणजे पाणी पोटात उतरवणारी नळी, शंट. ही नळी कधी ना कधी तुंबते आणि मग तातडीची शस्त्रक्रिया लागते. रुग्णालय दिवसभराच्या वाटेवर आणि भाड्याला पैसे नाहीत, अशा घरी नळी तुंबणं म्हणजे मृत्यू. वॉर्फ यांनी दुर्बिणीतून पाण्याला मेंदूतच वाट करून देण्याच्या शस्त्रक्रियेला पाणी तयार करणारा पडदा जाळण्याची जोड दिली. पुष्कळ बाळांना मग नळीची गरज उरली नाही. अर्ध्याहून अधिक बाळांचा आजार जन्मानंतरच्या जंतुसंसर्गातून आलेला आहे, हेही त्यांनीच दाखवलं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, म्बालेतल्या शंभर बाळांवरच्या चाचणीत एक वर्षानंतर बाळांच्या वाढीत शंटच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. इथे शस्त्रक्रिया बदलली ती आई परत कशी येणार, या विचाराने. बार्तीमयाला विचारलेल्या प्रश्नाचंच हे वैद्यकीय रूप म्हणायला हवं.

मराठी वाचकाला या चौकटीकडे तटस्थपणे पाहता येणार नाही, कारण तिच्यात आपणही होतो. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत हाडांचे सापळे झालेल्या इथल्या माणसांचे फोटो परदेशी मिशनरी मासिकांत छापून येत आणि देणग्या मिळत. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनलाही परदेशी देणग्यांचा आधार होता. पण रमाबाई वर्गणीदारांना स्वतः लिहीत, आणि दुष्काळातून आणलेल्या मुली तिथेच राहत, शिकत, काम करत. अंध मुलींसाठीच्या विभागाचं नाव बार्तिमी सदन होतं. मनोरमाबाईंनी तिथे ब्रेल शिकवलं. दयेच्या त्या व्यवहारात धर्मांतराचा प्रश्न होता आणि त्यावर वाद व्हायलाच हवा. पण फोटो काढून झाल्यावरही तिथे कुणीतरी असे.

दक्षिण आफ्रिकेतल्या अपंगांच्या चळवळीने ‘आमच्याविना आमच्याबद्दल काही नको’ ही घोषणा जगभर नेली. ती मिशन-वृत्तांतालाही लावता येते. पुढच्या गटाने घरी परतल्यावर तीन गोष्टी लिहाव्यात: आईने काय मागितलं, त्यातलं काय देता आलं नाही, आणि पुढच्या महिन्यात त्या घरी कोण जाणार आहे. अशा पत्राला देणग्या कदाचित कमी येतील. पण ते वाचणाऱ्या मंडळीला निदान त्या घरात काय चाललं आहे ते कळेल.