यर्लिंग, द

अमेरिकन लेखिका मार्जरी किनन रॉलिंग्ज (१८९६–१९५३) हिची विख्यात कादंबरी. चार्ल्स स्क्रिब्नर्स सन्स ह्या प्रकाशनसंस्थेने ती १९३८ मध्ये प्रसिद्ध केली. त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या कादंबऱ्यांत तिची गणना झाली आणि १९३९ मध्ये तिला पुलिट्झर पारितोषिक मिळाले. एका बारा वर्षांच्या मुलाने पाळलेले हरणाचे पाडस आणि त्याचा करुण शेवट हा तिचा विषय. मुळात प्रौढ वाचकांपुढे आलेली ही कृती पुढे बालकुमार-साहित्यातील अभिजात कादंबरी म्हणून मान्यता पावली. एक वर्षाच्या, म्हणजे ना पाडस ना पूर्ण वाढ झालेल्या अशा जनावरास इंग्रजीत ‘यर्लिंग’ म्हणतात. शीर्षकातील हा शब्द हरणाला लागू पडतो, तसाच बाल्य ओलांडणाऱ्या मुलालाही.

रॉलिंग्जचा जन्म वॉशिंग्टन डी. सी. येथे झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर तिने काही वर्षे वृत्तपत्रांसाठी लेखन केले. १९२८ मध्ये ती फ्लॉरिडा राज्यातील क्रॉस क्रीक ह्या खेड्यात संत्र्यांच्या बागेत येऊन राहिली आणि तेथेच तिला स्वतःचा लेखनविषय गवसला. तिची पहिली कादंबरी साउथ मून अंडर (१९३३) प्रसिद्ध झाली, त्याच सुमारास संपादक मॅक्सवेल पर्किन्स ह्याने जंगलपट्ट्यातील एखाद्या मुलावर पुस्तक लिहावे, असे तिला सुचविले. त्या प्रदेशातील जुन्या रहिवाशांत राहून तिने शिकारीच्या, पुरांच्या व रोगराईच्या हकीकती गोळा केल्या. पॅट्स आयलंड ह्या वस्तीवरील लाँग कुटुंबाच्या आठवणींतील पाळीव हरणाची हकीकत हे ह्या कादंबरीचे बीज होय.

कथानक १८७० नंतरच्या काही वर्षांतील असून ते सुमारे एक वर्षाच्या अवधीत घडते. खुरट्या झाडांच्या विस्तीर्ण रानात उंच पाइन वृक्षांनी वेढलेली थोडी कसदार जमीन, तेच बॅक्स्टर कुटुंबाचे ठिकाण. पेनी बॅक्स्टर, त्याची पत्नी ओरा आणि मुलगा ज्योडी अशी तीन माणसे मका, भोपळे, डुकरे व शिकार ह्यांवर गुजराण करतात. हरवलेल्या डुकरांच्या शोधात असताना पेनीला विषारी साप चावतो. विष शोषून घेण्यासाठी तो तत्काळ एक हरिणी मारून तिचे काळीज जखमेवर लावतो आणि वाचतो. तिचे पाडस मात्र अनाथ होते. ज्या जीवाच्या आईमुळे आपण वाचलो, त्याला उपाशी मरू देणे हा कृतघ्नपणा ठरेल, ह्या जाणिवेने पेनी ते घरी आणण्यास संमती देतो. ज्योडीचा अपंग मित्र फॉडरविंग त्याचे ‘फ्लॅग’ हे नाव योजतो. पण पाडस त्याला दाखविण्यास ज्योडी जातो, तेव्हा तो मरण पावलेला असतो. पुढे आठवडाभराच्या वादळी पावसाने पिके कुजतात आणि साथीच्या रोगाने रानातील हरणे मरतात. वसंत ऋतूत फ्लॅग मक्याचे कोंब खाऊ लागतो. ज्योडी पुन्हा पेरणी करतो, कुंपण उंच करतो. हरीण तेही ओलांडते. जड खोड उपटताना दुखापत होऊन अंथरुणाला खिळलेला पेनी मुलाला फ्लॅगला मारण्याची आज्ञा देतो. ज्योडीच्या हातून ते होत नाही. अखेर ओरा गोळी झाडते, हरीण केवळ जखमी होते आणि त्याची तडफड थांबविण्यासाठी दुसरी गोळी ज्योडीलाच झाडावी लागते. बापाचा धिक्कार करून तो घर सोडतो, नदीवर उपासमार भोगतो आणि परततो.

मूल व प्राणी ह्यांच्या स्नेहाच्या कथा बालसाहित्यात विपुल आहेत. त्यांतील बहुसंख्य कथांत प्राण्यावर येणारे संकट एखाद्या दुष्ट वा बेफिकीर माणसाकडून येते, त्यामुळे वाचकाचा रोष कोणावर व्हावा, हे आधीच ठरलेले असते. ह्या कादंबरीत असा कोणीही अपराधी नाही. फ्लॅग वाढत्या हरणासारखे वागतो. पेनी कुटुंबाच्या वर्षभराच्या अन्नाचा विचार करतो आणि ज्योडी आपल्या एकुलत्या सोबत्यावर प्रेम करतो. तिघेही आपापल्या जागी योग्य असूनही विश्वासघात घडतो. पूर आणि साथ ही प्रकरणे वरवर पाहता केवळ निसर्गवर्णनपर वाटतात. परंतु साठविलेले धान्य आणि शिकार ह्या दोन्ही आधारांचा नाश त्यांतच झालेला असतो. त्यामुळे पुढे मक्याचा प्रत्येक कोंब मोलाचा ठरतो. शेवटच्या आज्ञेमागील सक्ती वाचकाला पटते, ती ह्या पूर्वतयारीमुळे.

विश्वासाचा हा प्रश्न कादंबरीच्या आरंभापासून उपस्थित केलेला आहे. पेनी एक निरुपयोगी कुत्रा देऊन त्याच्या बदल्यात चांगली बंदूक मिळवितो. कुत्रा कुचकामाचा आहे, हे तो इतक्या मोकळेपणाने सांगतो, की समोरच्या माणसाला त्यात लबाडीचा संशय येऊन कुत्रा उमदा वाटू लागतो. आपले शब्द सरळ असले, तरी हेतू तसा नव्हता, हे पेनी नंतर मुलाजवळ कबूल करतो. हा प्रसंग विनोदी असला, तरी त्यातून ज्योडीला आपला बाप प्रामाणिक पण व्यवहार जाणणारा माणूस म्हणून कळतो. पेनी त्याच्यावर कामाचा भार फारसा टाकत नाही आणि आईच्या बोलण्यापासून त्याला सांभाळून घेतो. मुलाचे बालपण लांबविण्याच्या ह्या मायेतच पुढील आघाताचे मूळ आहे. कारण ज्याने आजवर प्रत्येक वेळी पाठीशी घातले, त्याच्याच तोंडून ती आज्ञा येते. ज्योडीला हरणाच्या मृत्यूइतकेच बापाच्या ह्या रूपानेही दुःख होते.

शोकाचे चित्रण हा ह्या कादंबरीचा दुसरा विशेष होय. फॉडरविंगच्या मृत्यूच्या प्रकरणात ज्योडीला मरणाची पहिली ओळख होते. मित्र समोर आहे आणि तरीही तो उत्तर देत नाही, एवढ्याच अनुभवावर लेखिका थांबते. आडदांड फॉरेस्टर बंधूंचे त्या वेळचे अबोल वावरणे आणि दफनाच्या वेळी पेनीने केलेली साधी प्रार्थना ह्यांतून समाजाची शोक करण्याची रीत प्रकट होते. ओराचा शोक मात्र कोणालाच दिसत नाही. तिची बहुतेक मुले तान्हेपणीच दगावली असून ज्योडी तेवढा जगला आहे. आधीच्या मुलांबरोबर सारी माया संपून गेल्यासारखी ती त्याच्यापासून अंतर राखते. तिचे कठोर बोलणे, अन्नाचा हिशेब आणि पाडसाविषयीची नाराजी ह्यांमागे पुन्हा जीव न लावण्याचा निर्धार आहे. ज्योडी घरी परततो, तेव्हा ती पेरणीसाठी मक्याचे बी मिळविण्यास बाहेर गेलेली असते. तिच्या ममतेचे स्वरूप ह्या एका तपशिलातून स्पष्ट होते.

समकालीन साहित्यकृतींशी तुलना केल्यास ह्या कादंबरीचे वेगळेपण ध्यानात येते. ऑस्ट्रियन लेखक फेलिक्स झाल्टन ह्याच्या बाम्बी (१९२३) ह्या कादंबरीत हरणे मानवी भाषेत बोलतात व शिकारी हा जंगलावरील अरिष्टाचे प्रतीक ठरतो. रॉलिंग्जच्या कादंबरीतील प्राणी बोलत नाहीत आणि शिकार हा तेथील जीवनक्रमाचाच भाग आहे. ज्योडी हरणाचे मांस खातो आणि हरणावर प्रेमही करतो. ही विसंगती लेखिका लपवीत नाही. जॉन स्टाइनबेकच्या द रेड पोनी (१९३७) ह्या कथामालिकेतील मुलाचे नावही ज्योडीच असून तेथेही जाणत्या माणसाचा शब्द खोटा ठरल्याने मुलाचा विश्वास डळमळतो. परंतु स्टाइनबेकचा ज्योडी शिंगराच्या मृत्यूचा साक्षीदार असतो, तर रॉलिंग्जच्या ज्योडीला स्वतः बंदूक चालवावी लागते. प्रौढत्व म्हणजे केवळ दुःख सोसणे नव्हे, तर ज्याचे दुःख व्हावे अशी कृती स्वतःच्या हातून घडणे, ही जाणीव त्यामुळे ह्या कादंबरीत अधिक तीव्रतेने व्यक्त झाली आहे.

रचनेच्या दृष्टीने कादंबरी एका वसंतापासून दुसऱ्या वसंतापर्यंत वर्तुळाकार फिरते. आरंभी ज्योडी झऱ्याच्या प्रवाहात काटक्यापानांचे पाणचक्र तयार करतो आणि त्याच्या फिरण्यात तासन्‌तास रमतो. शेवटी घरी परतताना तो तसेच चक्र पुन्हा करून पाहतो. ते फिरते, पण त्यात त्याचे मन रमत नाही. बाल्य संपल्याचे हे सूचन अत्यंत संयत आहे. पात्रांच्या तोंडी त्या भागातील बोली असून निवेदनाची भाषा प्रमाण व सोपी आहे. वनस्पती, पक्षी, शिकारीची तंत्रे आणि स्वयंपाक ह्यांचे तपशील निरीक्षणावर आधारलेले असल्याने त्यांस दस्तऐवजाचेही मोल आहे. तथापि आपल्या लेखनाला ‘प्रादेशिक’ म्हणून निराळे काढण्यास रॉलिंग्जचा विरोध होता.

कादंबरीत काही उणिवाही आहेत. अखेरच्या प्रकरणात पेनी जीवनातील आघातांविषयी मुलाशी दीर्घ बोलतो. घटनांतून जे आधीच उमगले आहे, तेच ह्या भाषणात शब्दबद्ध होते आणि त्याचा परिणाम काहीसा सौम्य होतो. पेनीचे चित्रण आदर्शाकडे झुकते. उलट ओराची बाजू सूचित झाली असली, तरी निवेदन तिच्या मनात फारसे शिरत नाही, त्यामुळे घाईने वाचणारास ती केवळ कर्कश वाटण्याचा संभव आहे. फॉरेस्टर बंधूंच्या दांडगाईचे काही प्रसंग मूळ कथेपासून दूर रेंगाळतात.

१९४६ मध्ये क्लॅरन्स ब्राउन ह्याने दिग्दर्शित केलेला ह्याच नावाचा चित्रपट निघाला. त्यात ग्रेगरी पेक, जेन वायमन आणि क्लॉड जार्मन (कनिष्ठ) ह्यांनी भूमिका केल्या. रंगीत छायाचित्रण व कलादिग्दर्शन ह्यांसाठी त्यास ऑस्कर पारितोषिके मिळाली.

मराठीत ही कादंबरी सत्यकथा मासिकाचे संपादक राम पटवर्धन ह्यांनी पाडस ह्या नावाने आणली. मराठीतील नावाजलेल्या अनुवादांत तिची गणना होते. गुरांच्या वाढत्या वयासाठी मराठीत कालवड, खोंड, गोऱ्हा असे शब्द आहेत. हरणाच्या तशा अवस्थेस मात्र रूढ शब्द नाही. ‘पाडस’ ह्या शब्दाने मूळ शीर्षकातील उंबरठ्यावरच्या वयाची सूचना जाते, परंतु मुलाच्या डोळ्यांपुढे अखेरपर्यंत राहणारे फ्लॅगचे कोवळे रूप त्यात टिकून राहते. बालवाचकापासून दुःख दडवून ठेवण्याऐवजी ते त्याच्यापुढे प्रामाणिकपणे मांडणारी कृती म्हणून ह्या कादंबरीचे महत्त्व आजही कायम आहे.