समुद्रकाठचे गाव आणि सांत्वनाची कादंबरी

रंजनपर कादंबरी समोर आली की आम्हां शिक्षकांच्या कपाळी आठी उमटते. जेनी कोलगन यांची ‘लिटल बीच स्ट्रीट बेकरी’ (२०१४) ही इंग्रजी कादंबरी आमच्या वाचनालयाच्या ग्रंथनिवडीत पुढे आली, तेव्हा आमच्याही कपाळी ती उमटली. परंतु न वाचता पुस्तक नाकारणे शिक्षकास शोभत नाही. म्हणून आम्ही ते वाचले. ज्या दोषासाठी ते नाकारण्याची आमची तयारी होती तो त्यात फारसा नाही. आहे तो निराळाच.

कथानक साधे आहे. प्लिमथ येथे सोबत्यासह चालविलेला पॉली वॉटरफर्डचा ग्राफिक डिझाइनचा व्यवसाय बुडतो आणि तो सहवासही तुटतो. कॉर्नवॉलच्या किनाऱ्याजवळील माउंट पोलबर्न या कल्पित बेटावर, बंद पडलेल्या एका दुकानाच्या माडीवर ती बिऱ्हाड करते. बेटाची वाट भरतीला बुडते, ओहोटीला उघडी पडते. जखमी पफिन पक्षी, गावचे कोळी, मधमाश्या पाळणारा अमेरिकन हकल, असा नवा परिवार तिला लाभतो.

या जातीच्या कादंबऱ्यांत गाव हे बहुधा आरोग्यधाम असते. शहरात दुखावलेला जीव तेथे यावा, हवा खावी आणि बरा व्हावा! श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’मध्ये (१९५२) बापू व राधा यांच्या प्रेमाला गावाशीच झुंजावे लागते, येथे गाव प्रेमाची जणू वाटच पाहत असते. तरीही कोलगनबाईंचे गाव केवळ चित्रातले राहत नाही, याचे श्रेय पावाला आहे. पीठ मळणे, ते फुगून येईपर्यंत थांबणे, इतरांच्या आधी उठणे, या श्रमांतून पॉली गावाची होते. केवळ प्रेमात पडून नव्हे. पहाटे पोदेराच्या भोंप्याने जागे होणाऱ्या गोमंतकीय वाचकास याचे मर्म सांगावयास नको. जुनी बेकरी चालविणाऱ्या मिसेस मान्स यांचा तुसडेपणाही असाच अर्थपूर्ण आहे; त्यांची माणसे समुद्राने नेलेली आहेत.

आमचा आक्षेप याच समुद्राविषयी आहे. टार्नी या कोळ्याकडे पॉली ओढली जाते. तो विवाहित असल्याचे तिला मागाहून कळते. आणि वादळात त्याचा अंत होतो. हलक्याफुलक्या कथेत मृत्यू आणणे हे धैर्यच होय. परंतु टार्नीच्या पत्नीमुळे उभा राहिलेला नैतिक पेच पात्रांनी सोडवावयाचा होता, तो समुद्राने सोडविला. आणि हकलसाठी वाटही मोकळी करून दिली. लाटेकडून असे काम करवून घेणे आम्हांस रुचले नाही.

कारण त्या किनाऱ्यावर समुद्र हा खरोखरीचा आहे. १९ डिसेंबर १९८१ रोजी कॉर्नवॉलमधील माउझल या चिमुकल्या, देखण्या गावची ‘सॉलोमन ब्राउन’ ही जीवरक्षक नौका ‘युनियन स्टार’ जहाजावरील लोकांना वाचविण्यास वादळात गेली. तिच्यावरील आठही स्वयंसेवक परत आले नाहीत. जहाजावरील आठ जणही गेले. अशा किनाऱ्याची कथा सांगणाऱ्याने शोकांतिकाच लिहावी असे आम्ही म्हणत नाही. सांत्वन हेही वाङ्मयाचे एक कार्य आहे, आणि थकल्या वाचकास ते मिळाले तर आम्हांस आनंदच वाटेल. पण सांत्वनाआधी दुःखाची ओळख पटावी लागते. पीठ फुगण्यास लेखिका जो अवधी देते, तेवढा ती शोकास देत नाही.

पुस्तक घ्यावे, असाच अभिप्राय आम्ही दिला आहे. ते ज्या कपाटात लागेल, त्यातच ‘गारंबीचा बापू’ही असावा, एवढी सूचना मात्र त्यास जोडली आहे.