जुन्या वास्तूची जबानी

कुलदेवतेच्या दर्शनास गेलेला माणूस देवस्थानच्या अग्रशाळेत उतरतो, तेव्हा तो खोलीची निवड करीत नाही. मिळेल ती खोली देवाची म्हणून घेतो, चटई पसरतो आणि पहाटेच्या चौघड्याची वाट पाहतो. परक्या शहरात मात्र निवड करावी लागते, आणि निवड आली की विवेकही आला. आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज अमेरिकेत स्थायिक आहेत. त्यांच्याकडे गेलेली वडीलधारी मंडळी त्या देशाच्या दक्षिण भागातील जुनी शहरे पाहून येतात. त्यांपैकी साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहरात कोठे उतरावे, याविषयी आम्ही येथे थोडे लिहीत आहोत. प्रश्न वरवर सोयीचा दिसतो. वास्तविक तो सचोटीचा आहे.

१६७० साली वसलेले हे शहर अ‍ॅशली आणि कूपर या नद्यांमधील चिंचोळ्या भूमीवर उभे आहे. चर्चच्या मनोऱ्यांमुळे त्याला ‘पवित्र नगरी’ म्हणतात. १९३१ साली नगरपालिकेने नियम करून जुन्या वस्तीच्या बाह्यरूपास संरक्षण दिले. अमेरिकेतील तो या प्रकारचा पहिला कायदा. तेथील घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांब व्हरांडा कुशीला, वाऱ्याच्या दिशेने. गोव्यातील बल्कांवात बसून वाढलेल्या माणसास ते घर अगदीच परके वाटत नाही. १८८६ च्या भूकंपानंतर भिंती आवळून धरण्यासाठी घातलेल्या लोखंडी गजांची टोके अनेक घरांवर आजही दिसतात. अशा वास्तूत रात्र काढावी, ही इच्छा रास्त आहे.

परंतु ‘व्यक्तिमत्त्व असलेले हॉटेल’ म्हणजे काय? नक्षीदार पलंग, पितळी दिवे आणि करकरणाऱ्या लाकडी जिन्यालाच पुष्कळ लोक व्यक्तिमत्त्व समजतात. आमच्या मते ती वेशभूषा झाली. मीटिंग स्ट्रीटवरील मिल्स हाउस हे हॉटेल प्रथम १८५३ साली उघडले. आज दिसते ती इमारत १९७० ची, जुन्या नमुन्यावर बांधलेली. त्यात गैर काही नाही. प्रतिकृती आपण प्रतिकृती आहोत असे सांगते तोवर ती प्रामाणिकच आहे. उलट अस्सल जुनी भिंतही आपल्या इतिहासातील अर्धी पाने फाडून उभी असेल, तर ती फसवी.

वकिलीच्या धंद्यात आम्ही एक तत्त्व नित्य वापरतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, याच्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्यास ठाऊक असलेला आणि खरेदीदारास साधारण काळजी घेऊनही न उमगणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड करावयाचा असतो. हॉटेलवाला मिळकत विकीत नाही, हे खरे. पण तो भूतकाळ विकतो, आणि त्याचे दामही घेतो. मग या मालाच्या बाबतीत त्याच्यावर प्रकटनाचे नैतिक बंधन का नसावे?

ब्रॉड स्ट्रीटवर जॉन रटलेज यांचे १७६३ साली बांधलेले घर आहे. आज तेथे प्रवासी उतरतात. रटलेज हे अमेरिकेच्या संविधानाचे एक शिल्पकार, पुढे काही महिने त्या देशाचे सरन्यायाधीश. कायद्याच्या अभ्यासकाला त्या दारापाशी हात जोडावेसे वाटतील. पण त्याच संविधानाने गुलामांची आयात १८०८ पूर्वी बंद करण्यास मनाई केली होती, आणि संविधान सभेत त्या व्यापाराची बाजू घेणाऱ्यांत रटलेज अग्रभागी होते. थोरवी आणि कलंक दोन्ही एकाच छपराखाली नांदले. अशा वास्तूत उतरणाऱ्याने दोन्ही जाणून उतरावे.

मॅरियन स्क्वेअरसमोरील जुन्या सिटाडेलची कथा याहून बोलकी. डेन्मार्क व्हेसी नावाच्या, सोडतीत मिळालेल्या पैशातून स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतलेल्या सुताराने गुलामांच्या उठावाचा कट केला, या आरोपावरून १८२२ साली त्याला आणि इतर ३४ जणांना फाशी देण्यात आले. पुन्हा असा प्रसंग येऊ नये, या भयातून ही शस्त्रागाराची इमारत उभी राहिली. १८४२ पासून तेथे लष्करी विद्यालय होते. १९२२ साली ते हलले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे हॉटेल झाले. तेथून थोड्याच अंतरावर इमॅन्युएल चर्च आहे. व्हेसी ज्या कृष्णवर्णीय भक्तसमुदायात होता, त्याचाच वारसा हे चर्च सांगते. १७ जून २०१५ रोजी याच चर्चमध्ये वंशद्वेषाने पेटलेल्या एका तरुणाने धर्मग्रंथाचे वाचन करणाऱ्या नऊ जणांस गोळ्या घातल्या. देवळात पाऊल टाकताना निर्धास्त असणाऱ्या आम्हां लोकांना ही गोष्ट ऐकून झोप कशी यावी?

एका अतिथिगृहाच्या पत्रकात मागील अंगणातील इमारतीचा उल्लेख ‘सेवकवर्गाचे टुमदार निवास’ असा केलेला आम्ही वाचला. सेवकास वेतन असते, आणि तो नोकरी सोडून जाऊ शकतो. स्वयंपाकघरावरच्या त्या कोंदट खोल्यांत राहणाऱ्यांस दोन्ही नव्हते. चार्ल्सटनच्या जुन्या विटांवर कोठे कोठे बोटांचे ठसे उमटलेले दिसतात. ओल्या विटा हाताळणाऱ्या गुलामांचे ते ठसे, त्यांतील काही मुलांचे. विटांनी जबानी दिली, पत्रकाने नाकारली.

कोणी म्हणेल, प्रवासी विश्रांतीस येतो, प्रायश्चित्तास नव्हे. कबूल. पण चार्ल्सटन नगरीनेच गुलामगिरीतील आपल्या वाट्याबद्दल २०१८ साली क्षमा मागितली, आणि जेथे गुलामांची जहाजे लागत त्या गॅड्सडेन धक्क्यावर २०२३ साली आफ्रिकी अमेरिकी लोकांच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. नगरी बोलू लागली असता यजमानाने गप्प राहणे शोभत नाही.

म्हणून खोली ठरविताना लिफ्ट आहे का, भरतीचे पाणी त्या रस्त्यावर चढते का, हे जरूर विचारावे. उतारवयात हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. त्यांच्या जोडीस आणखी तीन विचारावेत: यातील जुने किती आणि नवे किती? हे घर कोणी बांधविले? आणि ते कोणाच्या हातांनी उभे राहिले? तिसऱ्या प्रश्नाला जेथे सरळ उत्तर मिळेल, तेथे उतरावे. पलंग साधा असला तरी चालेल.

आणि परत आल्यावर हाच तिसरा प्रश्न आपल्या वाड्यांना आणि देवळांनाही विचारावा. ज्यांच्या खांद्यांवरून शिळा आल्या, त्यांतील कितीकांना पिढ्यान्‌पिढ्या पायरीशी थांबावे लागले, हे आपल्या स्थळपुराणांत कोठे लिहिले आहे?